सोंग, फासा आणि संगणक

वेरूळची लेणी पाहावयास आलेला प्रवासी बहुधा कैलास लेण्यापाशीच खिळून राहतो, आणि त्यात नवल काही नाही. परंतु मुलांनो, पुढच्या सहलीत गुरुजींकडून थोडा अधिक वेळ मागून घ्या आणि एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात जा. या लेण्यास रामेश्वर असे नाव आहे. तेथे भिंतीवर शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसली आहेत. खाली नंदी आहे आणि त्याच्या खोड्या काढणारे गण आहेत. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी कोणा शिल्पकाराने हा प्रसंग पाषाणात कोरला. एकोणतिसाव्या, म्हणजे धुमार लेण्यातही हाच खेळ पुन्हा भेटतो. ज्याच्या तांडवाने त्रिभुवन डळमळते, तोही फासे टाकल्यावर कोणते दान पडते ते उत्सुकतेने पाहतो, ही कल्पना किती गोड आहे!

फाशाची मोहिनी अशीच आहे. एकदा हातातून सुटला की तो कोणाचेच ऐकत नाही. खेळणारा राजा असो वा रंक, पडेल ते दान त्याला मुकाट्याने घ्यावे लागते. महाभारतातील युधिष्ठिराएवढा विचारी पुरुष. परंतु द्यूताच्या पटावरून त्यास उठता आले नाही. राज्य गेले, भाऊ गेले, तो स्वतः गेला, आणि अखेरीस त्याने द्रौपदीलाही पणास लावले. म्हणून फाशाविषयी आपल्या पूर्वजांच्या मनात एकाच वेळी ओढही होती आणि धाकही होता.

आता फासा क्षणभर बाजूस ठेवू आणि वेरूळहून आपल्याच जिल्ह्यातील पैठणास जाऊ. सोळाव्या शतकात तेथे संत एकनाथ होऊन गेले. त्यांची भारुडे तुम्ही ऐकली असतील. भारुडात नाथ उपदेशकाच्या आसनावर बसून बोलत नाहीत. ते कधी वासुदेव होतात, कधी जोशी होतात, कधी गोंधळी होतात, आणि त्या त्या माणसाच्या तोंडून आपले म्हणणे मांडतात. भारूड सादर करणाराही तसाच वेष घेऊन उभा राहतो. यालाच आपण सोंग म्हणतो. रोजच्या बोलण्यात सोंग म्हणजे लबाडी असा अर्थ होतो खरा; पण येथे त्याचा अर्थ निराळा आहे. आपले नाव, आपले घर, आपले वय थोडा वेळ खुंटीला टांगून ठेवावे आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून जगाकडे पाहावे, हे ते सोंग. कोकणातील दशावतारी नट तर याहून पुढे जातात. कथा ठरलेली असते, परंतु संवाद लिहिलेले नसतात. रंगभूमीवर उभे राहिल्यावर राजाने राजासारखे बोलावे आणि राक्षसाने राक्षसासारखे, हे नटाने तेथल्या तेथे साधावयाचे असते.

फासा आणि सोंग या दोन गोष्टी एकत्र आल्या तर? १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी नेमके हेच केले. त्यांच्या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे अंधारी तळघरे आणि आग ओकणारे महासर्प. या खेळाला जिंकण्याचे घर नाही, की पुढे सरकवावयाच्या सोंगट्यांचे बंधन नाही. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण कथक होतो. बाकीचे प्रत्येकी एक सोंग घेतात. कथक प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय कराल?’ एवढाच तो खेळ.

हे नीट समजण्यासाठी आपण तो अमेरिकेतून उचलून दौलताबादेस, म्हणजे जुन्या देवगिरीवर, आणू. या किल्ल्यावरील अंधारी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शत्रूला चकविण्यासाठी डोंगराच्या पोटात खोदलेली ती काळोखी, वळणावळणाची वाट. अशा वाटेच्या तोंडाशी कथक आपल्याला उभे करतो. आपल्यापैकी एक जण लोहार झाला आहे, दुसरा वैद्य झाला आहे, आणि तिसरी दोरावर चालणारी कसरतपटू मुलगी आहे.

‘तुमच्या हातातील पलिता विझत आला आहे,’ कथक म्हणतो. ‘वर वटवाघळे फडफडत आहेत. पुढे जमीन तुटली आहे. खाली किती खोल आहे ते दिसत नाही. काय करता?’

‘मी उडी मारते,’ मुलगी म्हणते.

कथक मनाशी ठरवितो की दहा किंवा त्याहून अधिक आकडा आला तर उडी साधेल. या खेळात वीस बाजूंचा फासा असतो. मुलगी फासा टाकते. आठ पडतात! परंतु तिचे अंग चपळ, म्हणून सोंग घेतानाच तिला उडीसाठी तीन अधिक मिळालेले आहेत. आठ आणि तीन अकरा. ती पलीकडे पोचली. हीच उडी जड अंगाच्या लोहाराने मारली असती, तर त्याच आठ दानाने तो खाली गेला असता. मात्र पुढे लोखंडी दार आले म्हणजे सर्वांचे डोळे लोहाराकडेच लागणार. तेव्हा येथे फासा आहे, पण तो एकटा राज्य करीत नाही. तुम्ही कोण आहात आणि काय करावयाचे ठरविता, यालाही त्याच्याइतकाच मान आहे.

या खेळाची एक अडचण होती. कथक चांगला हवा, आणि चांगला कथक रोज कोठून मिळणार? म्हणून ते काम यंत्राकडून करून घ्यावे, असे काही जणांच्या मनात लवकरच आले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकव्यवस्था होती. ती मुलांना शिकविण्यासाठी उभारलेली होती. १९७५ साली रस्टी रदरफर्ड याने तिच्यात तळघराचा एक खेळ लिहिला. खेळाला नाव मात्र दिले ‘पीएडिट-पाच’. असले रुक्ष नाव पाहून ही कामाचीच काही नोंद असावी, असे व्यवस्थापकांना वाटावे हा हेतू! तरी ते फसले नाहीत. त्यांनी तो खेळ पुनःपुन्हा पुसून टाकला आणि तो पुनःपुन्हा अवतरला. अनेक वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माझ्यासारख्याने येथे खरे तर व्यवस्थापकांची बाजू घ्यावयास हवी. परंतु मन त्या पुसल्या गेलेल्या खेळाकडेच धावते.

१९८० च्या सुमारास मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन आर्नोल्ड यांनी ‘रोग’ हा खेळ केला. आपल्या भाषेत या नावाचा अर्थ भलताच होतो. इंग्रजीत त्याचा अर्थ लुच्चा असा आहे. या खेळात चित्र म्हणून नव्हतेच. भिंती म्हणजे रेघा, आणि नायक म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात येते ते ‘अ‍ॅट’ हे चिन्ह. राक्षस म्हणजे इंग्रजीची सव्वीस मोठी अक्षरे. एकेका अक्षराचा एकेक राक्षस. दर वेळी यंत्र नवेच तळघर रचून देई, आणि नायक मेला की सर्व संपले, पुन्हा पहिल्यापासून आरंभ. १९९० नंतरच्या दशकात, तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यातील एका शिकवणीवर्गाच्या संगणकावर मी हा खेळ प्रथम पाहिला. काळ्या पडद्यावर एक अक्षर सरकत जवळ येत होते आणि मी खुर्चीत मागे सरकत होतो! त्या दिवसापासून मी या खेळांचा रसिक झालो, तो आजतागायत आहे. अलीकडच्या खेळांतील नद्या, डोंगर, पाऊस पाहून डोळ्यांचे पारणे फिटते हे खरे. पण पाहणाऱ्याच्या मनाने जे चितारावयाचे, ते त्या एका अक्षराने जितके चितारून घेतले तितके पुढे क्वचितच कोणी घेतले असेल.

मला ज्या खेळाविषयी तुम्हांस सविस्तर सांगावयाचे आहे, तो १९८५ चा आहे. त्याचे नाव ‘अल्टिमा चार : क्वेस्ट ऑफ द अवतार’, म्हणजे अवताराचा शोध. अवतार हा शब्द आपलाच. रिचर्ड गॅरियट नावाच्या अमेरिकन तरुणाने तो आपल्या खेळाच्या मस्तकी धारण केला. पुढे हा शब्द संगणकाच्या जगात इतका रुळला, की आज तुम्ही मोबाईलवर स्वतःचे जे लहानसे चित्र लावता त्यालाही जगभर अवतारच म्हणतात. आपल्या घरचा शब्द असा मोठा प्रवास करून, निराळे कपडे घालून परत आलेला आहे.

गॅरियटने याआधीही असे खेळ लिहिले होते. त्यांत खेळणारा वीर होऊन दुष्टाचा नाश करी. परंतु लोक प्रत्यक्षात खेळतात कसे, ते त्याच्या ध्यानात आले. हे वीर दुकाने लुटीत, निरपराध नगरवासीयांना मारीत, आणि तेवढे करून अखेरीस जगाचे तारणहार म्हणवून घेत! खेळात त्यांना विचारणारे कोणी नव्हते. तेव्हा त्याने असा खेळ रचला की ज्यात मारावयास कोणी महादुष्टच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण स्वतःच्या अंगी आणावयाचे, हेच खेळाचे साध्य.

आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री भेटते. ती तुमचे नाव-गाव झाल्यावर पेच घालते. कोणी विश्वासाने तुमच्या हाती सोन्याची थैली दिली आहे. मोहरा मोजलेल्या नाहीत. वाटेत भुकेला भिकारी भेटला. थैली जशीच्या तशी पोचती कराल, की त्यातील एक मोहर त्याला द्याल? एका बाजूला प्रामाणिकपणा, दुसऱ्या बाजूला करुणा. दोन्ही चांगल्याच गोष्टी, पण हात एकीलाच घालता येतो. अशा सात प्रश्नांची उत्तरे दिली की कोणत्या गुणाकडे तुमचा ओढा अधिक आहे ते ठरते आणि त्याप्रमाणे तुमचे सोंग ठरते. शौर्य निवडणारा योद्धा होतो, करुणा निवडणारा गायक होतो. नम्रता निवडणाऱ्याच्या वाट्याला मेंढपाळ येतो. लढाईत सर्वांहून दुबळा तोच. माझ्या वाट्यास मेंढपाळच आला होता, आणि पहिल्या दहा लढायांपैकी आठांत मी पळालो.

या खेळातील मंत्रांसाठी लसूण, गंधकाची राख, कोळ्याचे रेशीम अशा वस्तू लागतात. त्या विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते, आणि मोहरा किती द्यावयाच्या ते तुम्हीच मोजून द्यावयाचे. तीस मोहरांचा माल घेऊन एकच मोहर दिली तरी ती हसून आभार मानते. शिपाई येत नाही. घंटा वाजत नाही. यंत्र मात्र कोठेतरी आत, तुम्हांला न दाखविता, तुमच्या प्रामाणिकपणाचा आकडा खाली उतरविते.

मी हा जुना खेळ माझ्या नातीस, ती सातवीत असताना, खेळावयास दिला. या दुकानी तिने एक मोहर दिली, माल घेतला आणि टाळी वाजविली. मी काही बोललो नाही. पुष्कळ दिवसांनी राजवाड्यात एक द्रष्टा असतो त्याच्याकडे ती आपली प्रगती विचारावयास गेली. प्रामाणिकपणात ती अजून फार मागे आहे, असे त्याने तिला सांगितले. ती गोरीमोरी झाली.

‘आजोबा, त्या बाईला तर दिसत नव्हतं. मग मोजलं कुणी?’

‘यंत्रानं.’

‘पण आधी सांगितलं का नाही?’

मग तिने आठवडाभर त्या दुकानी इमानेइतबारे पूर्ण किंमत दिली. आकडा वर आला. द्रष्टा प्रसन्न झाला. ती मात्र झाली नाही. ती म्हणाली, ‘आजोबा, आता मी खरे पैसे देते ते आकड्यासाठीच देते. मग हा प्रामाणिकपणा झाला का?’

मुलांनो, चाळीस वर्षे भाषा शिकविली, परंतु इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला. यंत्रास मोहरा मोजता येतात, मन मोजता येत नाही. या थोर खेळाचे हे उणेपण आहे. तरीही तो प्रश्न तिच्या मनात उभा राहिला तो याच खेळामुळे, आणि म्हणूनच मी त्यास थोर म्हणतो.

पुण्य आणि पाप पटावर मांडण्याची कल्पना तशी आपल्याकडे फार जुनी आहे. सापशिडी तुम्ही सर्वच खेळता. तिचे मूळ रूप म्हणजे मोक्षपट. त्यात शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. शेवटचे घर मोक्षाचे. मोक्षपटाचे श्रेय महाराष्ट्रातील परंपरा ज्ञानेश्वरांना देते. आणि ज्या आपेगावास ती त्यांचे जन्मस्थान मानते, ते पैठण तालुक्यातच आहे. परंतु एक भेद पाहा. मोक्षपटात तुम्ही सापाच्या तोंडी जाता ते क्रोध आला म्हणून नव्हे, तर कवड्यांचे दान तसे पडले म्हणून. शिडी चढता तीही दया केली म्हणून नव्हे. पट शिकवितो, पण विचारीत नाही. आंधळ्या बाईच्या दुकानात मात्र फासा नाहीच. तेथे जे होते ते तुमच्या हातून होते. भूमिका घेऊन खेळावयाच्या या खेळांचा, ज्यांना आज सर्वत्र आरपीजी म्हणतात, खरा प्राण मला येथे दिसतो. तलवारी, राक्षस आणि खजिने ही सारी वरची आरास.

अल्टिमानंतरचा इतिहास लांबलचक आहे, आणि तो सगळा सांगू लागलो तर तुमची घंटा होईल. जपानने हा प्रकार आपलासा केला. १९८६ साली तेथे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निघाला आणि पुढल्या वर्षी ‘फायनल फँटसी’. १९९६ साली आला ‘पोकेमॉन’. तुम्ही त्याची चित्रमालिका पाहिली असेल, पण तो मुळात याच जातीचा खेळ आहे. तो रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत हिंडत. खेळातील प्राणी पकडण्याची कल्पना त्या छंदातून आली.

मला थांबावेसे वाटते ते २०१५ च्या ‘अंडरटेल’पाशी. टोबी फॉक्स नावाच्या तरुणाने तो जवळजवळ एकट्याने केला. लेखन त्याचे, संगीतही त्याचे. चित्रे इतकी साधी की १९८५ चीच वाटावीत. एक लहान मूल राक्षसांच्या भूमिगत राज्यात पडते. वाटेत राक्षस आडवे येतात. त्यांना मारता येते. परंतु त्यांच्याशी बोलता येते, त्यांची समजूत घालता येते आणि त्यांना सोडूनही देता येते. कोणासही न मारता हा खेळ अखेरपर्यंत नेता येतो, आणि खेळांच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे.

आरंभी टोरियल नावाची एक मायाळू राक्षसी त्या मुलाला आसरा देते. बाहेरच्या जगात त्याला इजा होईल म्हणून ती त्याची वाट अडविते. पुष्कळ खेळणारे अन्य खेळांच्या सवयीने तिच्यावर वार करीत सुटतात आणि ती मरते. मग वाईट वाटते. संगणकाच्या खेळांत अशा वेळी एक सोय असते. आधी जपून ठेवलेल्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू करावयाचा, की झालेले न झाल्यासारखे होते. खेळणारा तसे करतो. या वेळी तो तिला मारीत नाही. ती जगते. तो सुटकेचा निःश्वास टाकून पुढे जातो, तो एक बोलणारे फूल त्याच्या पुढे उभे राहते आणि त्याला ऐकविते की तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे!

मी वयाने साठी ओलांडलेला माणूस. पण त्या क्षणी अंगावर काटा आला. अल्टिमातील आकडा खाली गेला तर वर आणता येत होता. येथे आकड्याचा प्रश्नच नाही. येथे आठवण आहे, आणि ती पुसावयाची सोय खेळणाऱ्याच्या हाती ठेवलेली नाही. माझ्या नातीने जो प्रश्न विचारला होता, त्याच्या दिशेने कोणीतरी एक पाऊल टाकलेले आहे असे मला वाटले.

२०२३ साली बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने काढलेला ‘बाल्डर्स गेट तीन’ आज जगभर नावाजला जातो. त्यात कठीण प्रसंगी पडद्यावर चक्क वीस बाजूंचा फासा गडगडतो. १९७४ चे ते दान अजून चालू आहे. मात्र तो प्रौढांसाठी आहे. त्यातील हिंसा आणि अन्य गोष्टी तुमच्या वयास साजेशा नाहीत. बहुतेक खेळांच्या वेष्टनावर तो खेळ कोणत्या वयासाठी आहे ते छापलेले असते. ते वाचण्याची सवय ठेवा.

आणखी एक गोष्ट रसिक म्हणूनच सांगितली पाहिजे. हे खेळ लांब असतात. एकेक खेळ पन्नास-शंभर तासांचा असतो आणि यंत्र दमत नाही. पटावरून उठता न येणे हा युधिष्ठिराचा दोष होता, आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत खेळाच्या अनावर व्यसनाचाही समावेश केला आहे. आमच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाचा तास पडला की खेळ जपून ठेवावयाचा, मग राक्षस समोर उभा असला तरी. तो उद्या तेथेच भेटतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने ‘राजी’ हा खेळ रचावयास घेतला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचे आवाहन केले, पण ठरविलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जगातील उत्तम खेळांना जे पारितोषिक देतात, त्यात नवोदितांच्या पहिल्या कृतींमध्ये त्याचे नामांकन झाले. राजी ही कसरती करणारी एक मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर येतात आणि तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली आहे. ती पाहताना मला सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या छायाबाहुल्या आठवल्या. महाल, कमानी, पाण्यातील कमळे असे सारे आपल्या ओळखीचे. २०२२ च्या आवृत्तीत राजी हिंदीतही बोलू लागली.

हा खेळ पाहून माझा ऊर भरून आला, हे मी लपवीत नाही. परंतु अभिमानाने डोळे झाकूनही घेत नाही. ‘राजी’ ही साहसकथा आहे. काटेकोर अर्थाने भूमिकेचा खेळ नव्हे. राजीने काय करावे ते कथेने आधीच ठरविलेले आहे. ती मला कोठेही थांबवून विचारीत नाही, ‘आता तुम्ही काय कराल?’ असा प्रश्न विचारणारा खेळ मला माझ्या भाषेत हवा आहे. कारण पेच परक्या भाषेत घातला की अर्धे लक्ष शब्दांचा अर्थ लावण्यात जाते आणि मन अलिप्त राहते. ‘मे आय हेल्प यू’ म्हणणाऱ्या दुकानदारास फसविणे निराळे, आणि ‘किती दिलेस रे बाळा? मला मेलीला दिसत नाही,’ असे म्हणणाऱ्या म्हातारीस फसविणे निराळे. गुलमंडीतील गर्दी, पैठणचा घाट, देवगिरीचा खंदक या जागा तयार आहेत. सोंगे भारुडांनी आणि दशावताराने तयार करून ठेवलेली आहेत. कथक हवा.

त्यासाठी संगणक येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. १९७४ मध्येही तो नव्हता. सुट्टीत चार-पाच जण अंगणात बसा. एक जण कथक व्हा आणि बाकीच्यांनी सोंगे घ्या. प्रत्येकाने वहीच्या पानावर आपले नाव, आपला धंदा, आपल्याला काय चांगले येते आणि काय मुळीच येत नाही ते लिहा. जे चांगले येते त्यास तीन अधिक. दुबळे अंग लिहिल्याशिवाय खेळावयास कोणास घेऊ नका. लोहाराला उडी मारता येत नाही, म्हणूनच तर बरोबर त्या मुलीची गरज पडते. कथकाने कोणाचे सोंग मोडू नये, आणि ‘तुला असे करता येणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘बरे, करून पाहा’ असे म्हणावे. वीस बाजूंचा फासा हाताशी नसला तरी चालेल. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून त्या लोट्यात टाका. मात्र ओढलेली चिठ्ठी दर वेळी घडी घालून पुन्हा लोट्यात टाकावयाची आणि लोटा हलवावयाचा. नाहीतर मोठे आकडे आधीच संपून जाऊ शकतील आणि शेवटी शेवटी येणाऱ्या बिचाऱ्या वैद्याला कदाचित एकही उडी साधणार नाही.